शंका-समाधान : फसलेल्या गेमचा दुसरा भाग यावा का?

या वेळची पत्रे व्हिडिओ गेमविषयी आहेत. बेला, जैनथ, तलमडगू, इंद्रवेल्ली, इचोडा आणि आदिलाबाद शहरातल्या वाचकांनी आपापल्या शब्दांत विचारलेला प्रश्न मुळात एकच आहे. लोकांनी नाकारलेल्या गेमचा सीक्वेल (पुढचा भाग) काढणे योग्य आहे का, आणि आपण त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहावे? पत्र लिहिणाऱ्यांत खेळणारे आहेत, बनवणारे आहेत आणि खेळणाऱ्यांचे आईवडीलही आहेत. नेहमीप्रमाणे नावे वगळली आहेत.

मी इंटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सातवीत असताना बाबांच्या मोबाइलवर ‘फौ-जी’ गेम घेतला होता. मला तो आवडला, पण मित्र हसले. “यात धड बंदूकसुद्धा नाही,” म्हणाले. आता त्याच नावाचा नवा गेम आलाय. मला आनंद झाला, पण कोणाला सांगायची लाज वाटते. सगळ्यांनी नावं ठेवलेल्या गेमचा पुढचा भाग मला हवासा वाटतो, म्हणजे मला यातलं काही कळत नाही का? (विद्यार्थी, बेला)

लाज वाटण्यासारखे यात काहीही नाही. एखादा गेम आपल्याला आवडणे ही एक गोष्ट आणि तो नीट बांधलेला असणे ही दुसरी. या दोन गोष्टींची गल्लत झाली की आवडणाऱ्याला उगीच अपराधी वाटू लागते.

त्या गेमचे काय झाले ते पाहू. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलसह ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. दोनच दिवसांनी अभिनेते अक्षयकुमार यांनी एनकोअर गेम्स या बंगळूरच्या कंपनीच्या ‘फौ-जी’ची घोषणा केली. उत्पन्नातला २० टक्के वाटा ‘भारत के वीर’ निधीला देण्याचेही जाहीर झाले. घोषणेची वेळच अशी होती, की पबजीच्या जागी हाच येणार असे असंख्य मुलांनी मनाशी धरले. २६ जानेवारी २०२१ रोजी हाती आला तो गलवान खोऱ्यातल्या जवानाची गोष्ट सांगणारा, एकट्याने खेळायचा, हातघाईच्या लढाईचा गेम. मित्रांचा संघ करून खेळायची सोय सुरुवातीला नव्हती. प्ले स्टोअरवरचे त्याचे गुण थोड्याच दिवसांत पाचांपैकी तीनच्या आसपास उतरले. त्यातली काही नाराजी अपेक्षाभंगाची होती, तर काही तक्रारी रास्त होत्या. मारामारी त्याच त्या चालीची होती आणि खेळणाऱ्याला स्वतः करण्यासारखे फार काही नव्हते.

‘फौ-जी : डॉमिनेशन’ हा नंतरचा गेम डॉट नाइन गेम्सने बनवला आणि मुंबईच्या नझारा कंपनीच्या प्रकाशन विभागाने बाजारात आणला. तो बंदुकांचा आहे आणि अनेकांनी मिळून खेळायचा आहे. गलवानची गोष्ट तो पुढे नेत नाही. नाव जुने ठेवून घडण नवी केली आहे, आणि पहिल्या वेळी लोकांनी जे मागितले होते ते या वेळी देऊ केले आहे. ते कितपत साधले, हे खेळून तूच ठरव. पण अशा प्रयत्नाला जागा असली पाहिजे, असे माझे मत आहे. दुसरा भाग हे पहिल्या भागाचे बक्षीस नसते. पहिल्यात काय चुकले हे ज्याला नेमके सांगता येते आणि त्यावरचा उपाय ज्याच्या हाती आहे, त्याला पुन्हा प्रयत्न करण्याचा हक्क आहे. पुढच्या उत्तरांतही मी हीच कसोटी लावली आहे.

मी संगणक विषय शिकवतो. मुले विचारतात, “सर, पहिलाच भाग एवढा खराब, मग दुसरा चांगला कसा होईल?” मला उत्तर देता येत नाही. कंपन्या नुसते नाव विकतात असे वाटते आणि मुले फसतील अशी धास्ती वाटते. चूक सुधारण्यासारखी होती की नाही, हे बाहेरून ओळखता येते का? (शिक्षक, आदिलाबाद)

बऱ्याच अंशी येते. कापूस उगवला नाही तर आपल्याकडचा शेतकरी दुबार पेरणीच्या आधी एक गोष्ट तपासतो : बियाणेच सदोष होते, की पावसाने दगा दिला? गेमलाही हाच प्रश्न विचारावा. कल्पना सकस असून घडण कमी पडली असेल, तर दुसऱ्या भागाला आशा असते. जपानच्या कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर’ १९८७ साली आला तेव्हा त्यातले खास डाव हाताला सहजासहजी साधत नसत. मूळ कल्पना तशीच ठेवून १९९१ साली त्याच कंपनीने ‘स्ट्रीट फायटर २’ काढला आणि दोघांच्या लढतीच्या गेमचा तो जगभर नमुना ठरला. ‘अ‍ॅसॅसिन्स क्रीड’वर २००७ साली मुख्य आक्षेप होता तो एकसुरी कामगिऱ्यांचा. २००९ सालच्या दुसऱ्या भागाने नेमके त्यावरच काम केले.

कधी कल्पना आणि हात दोन्ही चांगले असतात, पण वेळच मिळत नाही. अटारीचा ‘ई.टी.’ हा १९८२ सालचा गेम नाताळची विक्री साधण्यासाठी जेमतेम पाच आठवड्यांत उरकला गेला. न विकलेल्या प्रती न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा-डेपोत पुरल्या गेल्या आणि २०१४ साली उकरून काढल्या गेल्या. बनवणाऱ्याची कुवत कमी होती, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. याउलट काही वेळा लोकांना ती वस्तूच नको असते. सोनीचा ‘कॉनकॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि खेळणारेच न मिळाल्याने ६ सप्टेंबरला बंद करून सर्वांना पैसे परत देण्यात आले. तिथे दुसऱ्या भागाचा हट्ट धरण्यात अर्थ नव्हता.

आपल्या जवळचे उदाहरण हैदराबादचे आहे. तिथल्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने बनवलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ २००९ साली प्लेस्टेशन २ या यंत्रावर आला. त्या यंत्रासाठी पूर्णपणे भारतात घडलेला पहिला गेम म्हणून त्याचे कौतुक झाले, पण खेळून पाहिल्यावर समीक्षकांनी त्याला फार कमी गुण दिले. देवाला खेळणाऱ्याच्या बोटांवर नाचवण्याला काही श्रद्धावंतांनी आक्षेप घेतला, तो वेगळाच. त्याचा पुढचा भाग आला नाही. बालहनुमानाच्या गोष्टीत दोष नव्हता, दोष घडणीत होता. म्हणून माझ्या मते दुसऱ्या संधीला पात्र असूनही ती न मिळालेल्यांत तो मोडतो. वर्गात मुलांसमोर असेच दोन-तीन गेम ठेवा आणि चूक कल्पनेची, कौशल्याची की वेळेची, एवढेच त्यांना ठरवू द्या. त्यातून मुले नुसत्या नावाला भुलायची थांबतील.

साहेब, मी कापूस उत्पादक शेतकरी. पोरगं म्हणतं, गेमचा दुसरा भाग येणार आहे, आत्ताच पैसे भरून ठेवू द्या, मागून महाग होईल. पहिला गेम घेतला तेव्हा तो चालतच नव्हता, बंद पडायचा. दोन हजार गेले. आता पुन्हा तेच होईल का? नाही म्हटलं तर पोरगं रुसून बसतं. आणि या गेमच्या नादात खात्यातले पैसे जातात असं लोक सांगतात, ती भीती वेगळीच. (पालक, जैनथ)

तुमची शंका रास्त आहे आणि ती दूर करणे सोपे आहे. प्री-ऑर्डर (गेम बाहेर येण्याआधीच पैसे भरून केलेली नोंदणी) करण्याची काहीच निकड नसते. संगणकावरचा गेम डाउनलोड करून घ्यायचा असतो. त्याचा साठा संपत नाही, आणि किंमत पुढे बहुधा उतरते. मोठ्या कंपन्यांचे गेमसुद्धा पहिल्या दिवशी कच्चे निघतात. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचा ‘सायबरपंक २०७७’ हा १० डिसेंबर २०२० रोजी आला. जुन्या यंत्रांवर तो इतका अडखळत होता, की आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पुढच्या जूनमध्ये परत ठेवला. दुरुस्त्या होत होत २०२३ सालापर्यंत तो खरोखर चांगला झाला. ज्यांनी वाट पाहिली त्यांना कमी पैशांत पुरा झालेला गेम मिळाला. मुलाला ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘गेम येऊन महिना होऊ दे, मग पाहू’ असे म्हणा. हा नकार नाही, मुदत आहे, हे त्यालाही पटेल.

घेतलेला गेम चाललाच नाही तर पैसे परत मागता येतात. स्टीम या दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, आणि खेळण्याचा वेळ दोन तासांहून कमी असेल, तर परतावा मिळतो. प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत मागणी नोंदवावी. खात्यातून पैसे जाण्याच्या भीतीबाबत दोन गोष्टी वेगळ्या करून पाहा. विकत घेऊन खेळायचा गेम ही एक. पैसे लावून जिंकण्या-हरण्याचे ऑनलाइन डाव ही दुसरी. तेलंगणात २०१७ सालापासूनच अशा डावांवर बंदी आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनेही त्यांच्याविरुद्ध कायदा केला. मुलगा मागतो आहे तो पहिल्या प्रकारातला असेल तर कायद्याची भीती बाळगू नका. मात्र तुमच्या परवानगीशिवाय खात्यातून रक्कम गेली असेल, तर थांबू नका. त्याच दिवशी बँकेत जा आणि १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.

गेम घ्यायच्या आधी मी तारे पाहतो. एकाच गेमला कोणी पाच देतो, कोणी एक. एका गेमचे तारे तर एका रात्रीत घसरले. मग कोणावर विश्वास ठेवायचा? वाईट शेरे वाचून मी एक गेम सोडून दिला आणि आता त्याचा पुढचा भाग सगळे वाखाणतात. आपण मूर्ख ठरलो का? (वाचक, तलमडगू)

मूर्ख ठरला नाहीत, हाताशी असलेल्या माहितीवर निर्णय घेतलात. तारे एका रात्रीत कोसळतात तेव्हा बहुतेक वेळा रिव्ह्यू-बॉम्बिंग (रागाच्या भरात अनेकांनी एकदम एक तारा देणे) झालेले असते. तो राग कधी किमतीवर असतो, कधी कंपनीच्या एखाद्या निर्णयावर, तर कधी ‘हा अमुक गेमसारखा का नाही’ यावर. ‘फौ-जी’ला पडलेल्या एकेका ताऱ्यात ‘हा पबजी नाही’ हे कारण पुष्कळ ठिकाणी होते. पाच ताऱ्यांचे शेरेही अनेकदा न खेळताच, अभिमानापोटी दिलेले असतात.

म्हणून सरासरीकडे पाहण्याआधी दोन, तीन आणि चार तारे देणाऱ्यांचे शेरे वाचा. मन द्विधा असलेला माणूस काय आवडले आणि काय खटकले हे दोन्ही लिहितो. तुमच्याच किमतीचा मोबाइल किंवा संगणक असणाऱ्याचे मत शोधा, कारण महागड्या यंत्रावर सुरळीत चालणारा गेम आपल्याकडे अडू शकतो. शेऱ्याची तारीखही पाहा. पॅच (गेम आल्यानंतर पाठवलेली दुरुस्ती) आल्यावर जुन्या तक्रारी निकालात निघालेल्या असतात. आणि दुसरा भाग आवडण्यासाठी पहिला खेळलेलाच असावा लागतो असे नाही. बहुतेक बनवणारे नव्या माणसाला गृहीत धरूनच सुरुवात लिहितात.

आम्ही पॉलिटेक्निकची चौघं मुलं-मुली. नागोबा जत्रेच्या वाटेवरचा एक छोटा गेम आम्ही वर्षभर खपून बनवला आणि प्ले स्टोअरवर टाकला. थोड्याच लोकांनी घेतला, त्यातल्या निम्म्यांनी एक तारा दिला. “बोअर”, “हँग होतो”, “हे काय बनवलंय”. एका जणाने तर आमच्या समाजावरून लिहिलं. तेव्हापासून मला झोप लागत नाही. दोघं म्हणतात दुसरा भाग काढू, एक जण म्हणतो सगळं पुसून टाकू. घरचे म्हणतात, नोकरी बघा. आम्ही काय करावं? (विद्यार्थिनी, आदिलाबाद)

आधी तुझ्याविषयी. जातीवरून किंवा समाजावरून केलेला शेरा ही गेमची समीक्षा नसते. तो आक्षेपार्ह म्हणून प्ले स्टोअरकडे कळव आणि तुमच्या हिशेबातून काढून टाक. झोप न लागण्याला काही आठवडे लोटले असतील, जेवण, अभ्यास यांतही लक्ष लागत नसेल, तर आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखव. जाणे जमत नसेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तासांत केव्हाही, विनाशुल्क बोलता येते. वर्षभराच्या कामाला असा फटका बसला की मन हलते. त्यात कमकुवतपणा नाही. पण तो त्रास एकटीने अंगावर काढू नये.

आता गेमविषयी. उरलेल्या शेऱ्यांचे दोन गट करा. ‘हँग होतो’ ही बिघाडाची तक्रार आहे. ती दुसऱ्या भागाने सुटत नाही, पॅचने सुटते, म्हणून आधी तिला हात घाला. इंग्लंडच्या हॅलो गेम्स या लहानशा चमूचा ‘नो मॅन्स स्काय’ ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्यात नव्हत्या आणि लोक संतापले होते. त्यांनी पुढचा भाग काढला नाही, वादही घातला नाही. वर्षानुवर्षे मोफत भर घालत तोच गेम त्यांनी पुरा केला आणि नाराज लोकांना परत मिळवले. ‘बोअर’ ही मात्र घडणीची तक्रार आहे. खेळणारा कुठे कंटाळतो ते शेऱ्यावरून कळत नाही, पाहिल्यावर कळते. ओळखीच्या, पण गेम न पाहिलेल्या दहा जणांना समोर बसवा, काहीही समजावून सांगू नका, आणि बोटे कुठे थबकतात ते टिपून घ्या. त्या टिपणांत तुमच्या चौघांच्या भांडणाचा निकाल आहे. अडचणी सुरुवातीच्या भागापुरत्या असतील तर दुरुस्ती पुरेल. गेमची मूळ चालच कंटाळवाणी ठरत असेल, तर मात्र त्याच विषयावर नव्याने दुसरा गेम रचा.

तुमचा विषय समृद्ध आहे, हे मनापासून सांगतो. पुष्य महिन्यात मेस्राम कुळातली माणसे गोदावरीचे पाणी आणायला अनवाणी निघतात आणि ते पाणी घेऊन केसलापूरला नागोबाकडे येतात. मुक्काम, नियम, वाटेतली गावे, हे सारे या प्रवासात आहे. गेमला जी रचना लागते ती तुम्हाला आयती मिळाली आहे. पण ही लोकांची चालती श्रद्धा आहे. तेव्हा दुसऱ्या भागाआधी केसलापूरच्या वडीलधाऱ्यांना भेटा. काय दाखवलेले चालेल, काय झाकून ठेवायचे, हे त्यांनाच विचारा. दंडारी नाचातल्या गुसाडीचा मोरपिसांचा टोप नुसती शोभा म्हणून पात्राच्या डोक्यावर ठेवू नका.

धीर हवा असेल तर पुण्याकडे पाहा. श्रुती घोष, इयन मॉड आणि अविचल सिंग यांच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ या गेमसाठी २०१७ साली लोकवर्गणी मागितली, ती पुरी झाली नाही. तरी काम चालू राहिले आणि २०२० साली गेम आला. राजस्थानी वास्तू आणि पहाडी चित्रशैली यांची सर्वांनी स्तुती केली, जागतिक पुरस्कारांत पदार्पणाच्या उत्तम गेमसाठी नामांकनही मिळाले. मात्र गेम आखूड आहे आणि शेवट अर्धवट तुटतो, ही तक्रार समीक्षकांनी स्पष्ट नोंदवली. पुढच्या काळात त्याची सुधारित आवृत्ती निघाली, आणि २०२५ साली ‘राजी : कलियुग’ या पुढच्या भागाची घोषणा झाली. तुटलेली गोष्ट पुढे नेणे हे दुसरा भाग काढण्याचे चोख कारण आहे. तुम्ही मात्र घरचे दागिने किंवा सावकाराचे कर्ज यावर दुसरा भाग उभारू नका. नोकरी बघणे आणि गेम बनवणे यांत वैर नाही, सुट्टीच्या दिवशीही गेम दुरुस्त होतो. कोणी पैसे गुंतवायला पुढे आले, तर सही करण्याआधी करारनामा वकिलाला आणि हिशेब सनदी लेखापालाला दाखवा.

मला आवडलेला एक गेम कंपनीने अर्ध्यावर सोडला. दुसरा भाग काढणार नाही म्हणतात. मीच त्याच नावाने, तीच पात्रं घेऊन दुसरा भाग बनवतोय, अर्धा झालाय. मित्र म्हणतात, पोलीस येतील. खरंच पकडतील का? (तरुण, इंद्रवेल्ली)

घरी शिकण्यासाठी अर्धा गेम बनवला म्हणून दाराशी पोलीस येण्याची भीती बाळगू नका. पण तो लोकांत पसरवण्याआधी थांबा. आपल्याकडच्या १९५७ सालच्या कॉपीराइट कायद्यात गेमची आज्ञावली, चित्रे, संगीत आणि लिखित गोष्ट यांना संरक्षण आहे. नाव व बोधचिन्ह यांना ट्रेडमार्कचा (व्यापारचिन्हाचा) कायदा लागू होतो. कंपनीने गेम सोडून दिला तरी हे हक्क संपत नाहीत. तो फुकट वाटला तरीही कंपनी हरकत घेऊ शकते.

खुली असते ती कल्पना. ‘जंगलातून वाट काढणारा दूत’ ही कल्पना कोणाच्या मालकीची नाही. नाव बदला, पात्रे स्वतः रेखाटा, गोष्ट स्वतः लिहा. तुम्ही शिकलेले कसब तुमचेच राहते. जुन्याच नावाने प्रसिद्ध करायचा असेल तर कंपनीची लेखी परवानगी लागेल, आणि तिच्याकडून नोटीस आली तर स्वतः उत्तर न देता वकिलाकडे जा.

माझा मुलगा नववीत आहे. तो खेळायचा तो गेम कंपनीने बंद केला. दुसरा भाग येणार, येणार म्हणत रात्री दोन-दोनपर्यंत मोबाइलवर बातम्या शोधत बसतो. चिडतो, ताट सरकवतो. शाळेतून तक्रार आली. नातेवाईक म्हणतात, वेड लागलंय याला. मला रडू येतं. एका खेळासाठी असं होतं का? (आई, इचोडा)

वेड लागलेले नाही. तुमच्या मुलाने त्या गेममध्ये वेळ घातला होता, मित्र जोडले होते, आणि ते सारे एकाएकी बंद झाले. ते मुलाला लागते. गेम बंद होणे ही आता नेहमीची गोष्ट आहे. ज्यांना कंपनीचा सर्व्हर (गेम चालवणारा दूरचा संगणक) लागतो, ते गेम सर्व्हर थांबला की संपतात. २०१९ सालचा ‘अँथम’ हा मोठ्या कंपनीचा गेम लोकांना रुचला नाही. तो नव्याने घडवण्याचे काम सुरू झाले, पण २०२१ साली तेही थांबवण्यात आले. वाट पाहणाऱ्यांच्या हाती काही आले नाही. मुलाला हे खरे उदाहरण सांगा. ‘येईलच’ अशी खोटी आशाही नको आणि ‘फालतू खेळ’ असे हिणवणेही नको. रात्री मोबाइल सर्वांचाच एका ठिकाणी ठेवायचा, असा घराचा नियम करा. तो एकट्यालाच लावलात तर ती शिक्षा वाटेल.

जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर (खेळण्यावर ताबा न राहण्याचा विकार) आजारांच्या यादीत घेतला असून ती यादी २०२२ पासून लागू आहे. खेळण्यावर ताबा नसणे, इतर सगळ्यांपेक्षा खेळ महत्त्वाचा होणे, नुकसान दिसूनही न थांबणे, आणि हे साधारण वर्षभर चालणे, अशी त्याची लक्षणे आहेत. काही आठवड्यांची चिडचिड म्हणजे तो विकार नव्हे. पण निदान घरी करू नये. जेवण आणि झोप बिघडली आहे, शाळेतून तक्रार आली आहे, एवढे कारण मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटायला पुरेसे आहे. तो स्वतःला इजा करण्याची भाषा करत असेल, तर मात्र एक दिवसही न थांबता रुग्णालयात न्या.

मी मराठी शाळेतून निवृत्त झालो. नातू हैदराबादला गेमच्या कंपनीत आहे. त्यांच्या गेमवर लोकांनी फार टीका केली. त्याचे तोंड उतरले होते. माझा प्रश्न असा की परदेशी कंपन्यांना लोक दहा वेळा माफ करतात आणि आपल्या मुलांना एकदाही नाही. आपल्या माणसांचा गेम म्हणून वाईट असला तरी चांगला म्हणावे का? नाहीतर हे धंदे इथे उभे कसे राहणार? (निवृत्त शिक्षक, बेला)

तुमची कळकळ मला समजते आणि तिच्यातला पहिला भाग खरा आहे. मोठ्या कंपनीकडे चुकीनंतर तग धरायला पैसा असतो. जपानच्या स्क्वेअर एनिक्सचा ‘फायनल फँटसी १४’ हा २०१० साली इतका फसला, की कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली. मग नाओकी योशिदा यांच्या हाती काम सोपवले गेले. जुना गेम चालू ठेवून त्यांच्या चमूने त्याच वेळी नवा उभारला, आणि २०१३ साली तो आला तेव्हा लोक परतले. हैदराबादच्या किंवा पुण्याच्या लहान चमूला तीन वर्षांचा पगार कोण देणार? त्यामुळे आपल्याकडे पहिला गेम पडला की बहुधा चमूच पांगतो आणि त्या चुकीतून शिकलेली माणसे दुसऱ्या कामाला लागतात. दुसरा भाग न येण्यातले खरे नुकसान हे आहे.

पण वाईटाला चांगले म्हणणे हा त्यावरचा उपाय नाही. खोट्या स्तुतीने बनवणाऱ्याला चूक कळत नाही आणि घेणारा फसतो. एकदा फसलेला माणूस पुढच्या दहा भारतीय गेमांकडे पाठ फिरवतो. उपयोगी पडते ती तपशिलाची टीका. काय आवडले, नेमके कुठे अडलो, कोणत्या मोबाइलवर खेळलो, एवढे तीन ओळींत लिहिले तरी बनवणाऱ्याला उद्याचे काम मिळते. आणि दुरुस्ती आली की पुन्हा खेळून शेरा बदलावा. हे दुसरे काम फार थोडे लोक करतात. 

नातवाला सांगा, की लोकांनी नाकारला तो गेम, त्याचे हात नाकारलेले नाहीत. कंपनीने दुसऱ्या भागाचे ठरवले, तर पहिल्याच बैठकीत पहिल्या भागातल्या चुकांची लेखी यादी मांडण्याचा आग्रह त्याने धरावा. त्या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे उपाय लिहिता आला, तर दुसरा भाग काढावा. तसे न जमल्यास नवा विषय घ्यावा, आणि यादी मात्र सोबत ठेवावी. तुम्ही स्वतः तो गेम एकदा त्याच्या शेजारी बसून खेळून पाहा. न कळलेल्या जागा त्याला विचारा. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाचे प्रश्न त्याच्या त्या यादीत मोलाची भर घालतील.